रिबीन कापल्यावर

निर्णा गावच्या माळावरच्या वस्तीत सकाळी सोलारचं उद्घाटन झालं. रिबीन कापली, बटण दाबलं, घराघरांत बल्ब पेटले, फोटो निघाले. पाहुण्यांच्या गाड्यांचा धुरळा बसायच्या आत सोलारच्या खोलीतल्या बॅटऱ्या पुन्हा टेम्पोत चढल्या आणि बल्ब विझले. पद्माबाईच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक जाऊन टेम्पोच्या पुढ्यात फतकल मारून बसली.

"कामून न्यायलाव?"

"दुरुस्तीला, अक्का," ड्रायव्हर म्हणाला. "आणतो की परत."

"आजच बसवल्या आन् आजच बिघडल्या? येडं समजलाव व्हय आम्हाला? घाल टेम्पो माझ्या अंगावर!"

सारी वस्ती तिच्या मागं उभी राहिली. ड्रायव्हर घाम पुसू लागला. तेवढ्यात कमलनगरकडं दिलेल्या लेकीचा, तुळजाचा फोन आला. पोर आनंदानं नुसती किंचाळत होती.

"आई, उद्या आमच्या गावात सोलार चालू होयलाय! खोली बांधलीय, वायरी वढल्यात. बॅटऱ्या तेवढ्या न्हाईत, त्या तुमच्या निर्ण्याकडनं यायल्यात म्हणं!"

पद्माबाईनं टेम्पोकडं बघितलं. मग घरातल्या विझलेल्या बल्बकडं. दातओठ खात ती उठली, लुगडं झटकलं आणि वाटेतनं बाजूला झाली. वस्ती तोंडात बोटं घालून बघत राहिली.

"येऊ दे टेम्पो, तुळजे," ती फोनवर म्हणाली. "पर बॅटऱ्या उतरल्या की पयली त्याच्या चारी चाकांची हवा सोड. आमच्याकडनं तेवढंच करायचं राहिलं."