खिडकीखालची फळी

जुन्या रेल्वेच्या खुणा जपणाऱ्या संस्थेने बंद स्टेशन पुन्हा उभं केलं आणि दिवंगत तिकीटबाबूंच्या बायकोला अगत्याने बोलावलं. जन्मभर डबा घेऊन ती तिकीटखिडकीच्या बाहेर उभी राहिली होती. आज पहिल्यांदा आत आली. खिडकीखालची फळी आरशासारखी चमकत होती. बाहेरून रोज दिसायची त्या ओळखीच्या जागी तिने हात फिरवला. “इथे खोलगट होतं ना?” “होतं, काकू,” संस्थेचा सुतार खुशीत म्हणाला. “असं भरून काढलंय, शोधूनही सापडणार नाही.” तिथेच वर्षानुवर्षं कोपर टेकून बाबू भाजीला नावं ठेवायचे आणि डबा चाटूनपुसून परत द्यायचे. “छान केलंत,” ती म्हणाली. बिचाऱ्याने जीव ओतून काम केलं होतं. तिने खुर्ची ओढली. “खिडकीवर बसायला माणूस हवाय म्हणालात ना? मी बसते. आजपासूनच, लाकूड झिजायला वेळ लागतो.” त्या गुळगुळीत जागेवर तिने कोपर टेकवलं.