बारीक शिट्टी

ऑर्केस्ट्रातला गिटारवाला तोच अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा इनासच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवून गेला. "अंकल, ती बारीक शिट्टी अजून आहेच," तो जाताना म्हणाला.

इनासने थकल्या हातांनी मागची फळी काढली, सगळ्या सांध्यांना नव्याने सोल्डरचे डाग दिले, मग आवाज पूर्ण वाढवून स्पीकरला कान लावला. शिट्टी नव्हतीच. हल्लीच्या पोरांना खुसपटं काढायची सवयच, असं पुटपुटत त्याने फळी परत बसवायला घेतली.

आग्नेस चहा घेऊन दाराशी आली. काम चालू असताना बायकोने या खोलीत पाऊल टाकलेलं त्याला कधीच खपलं नव्हतं. कप बाहेरूनच पुढे करत ती वैतागून म्हणाली, "आधी ती शिट्टी बंद करा हो. डोकं उठलं."

स्क्रू त्याच्या हातातच राहिला. "आत्ता येतेय?"

"येतेय की. मघापासून."

त्याने डोळे मिटून पुन्हा कान लावला. बराच वेळ. मग स्वतःचं स्टूल दाराकडे सरकवून त्याने फळी परत काढली.

"ये, आत बस," तो म्हणाला. "थांबली की सांग."