शिवेवरचा देव

दुष्काळाचं साल. पाटाला करंगळीएवढी धार उरली होती. शिवेपर्यंतचं पाणी वरच्या वाडीचं, पुढचं खालच्या वाडीचं. म्हणून शिवेचा दगड रोज कुणीतरी सरकवायचं आणि रोज कुऱ्हाडी निघायच्या.

गोरक्षनाथ गुरुजींना सातवीला शिकवलेला प्राचीन इराकच्या सुमेरमधला राजा मेसिलिम आठवला. लगाश आणि उम्मा ही नगरं अशीच शेतापाण्यावरून एकमेकांच्या जिवावर उठली होती. राजानं मधोमध दगड रोवला, ‘ही शीव देवानं आखलीय’ म्हणाला आणि दोघांनी शस्त्रं खाली ठेवली. धडा तिथंच संपत होता.

गुरुजींनी पहाटेच शिवेचा दगड खोल रोवला, शेंदूर फासला आणि राहात्याच्या बाजारातून आणलेले दोन पितळी डोळे त्यावर चिकटवले.

दुपारी आरडाओरडा थेट शाळेत ऐकू आला. गुरुजी धावत सुटले. शिवेवर दोन्ही वाड्या कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभ्या होत्या.

“दगड कुणी हलवला?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“देवाला कोन हात लावील, गुरुजी?” खालच्या वाडीची भीमाबाई हात जोडून म्हणाली.

गुरुजींच्या जिवात जीव आला.

“पर त्यो बगतोय आमच्याकडं,” ती म्हणाली. “म्हंजी समदं पानी आमचं.”

वरच्या वाडीचा राधाकृष्ण बाजूला सरला. त्याच्यामागं चौघांनी एक धोंडा उचलून आणला होता. दुप्पट मोठा, ओल्या शेंदरानं निथळणारा.

“आमी बी देव आनलाय, गुरुजी. आता बगूच, कुनाचा मोठा हाय!”