पिन घातल्याशिवाय उठायचं नाही

"हलव," जीपखालून मिस्त्री म्हणाला. "जोर नको. दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे."

वर सीटवर बसलेल्या मुलीनं स्टिअरिंग हलवलं. मिस्त्री उताणा पडून एकेका सांध्यावर तळहात ठेवत होता, वैद्यानं नाडी बघावी तसा. सैल सांधा डोळ्यांआधी हाताला कळतो, असं त्याचं म्हणणं.

जीप म्हातारी होती. तिचा मालक मिस्त्रीचा मित्र, रानोमाळ जमिनी मोजत हिंडणारा मोजणीदार. तो म्हणायचा, "हिला आज सांगावं तेव्हा उद्या वळते. त्यापेक्षा बायको बरी, निदान तोंडावर नाही म्हणते." त्यावर बायको खिडकीतून ओरडायची, "मग जेवायलाही तीच वाढेल!"

महिन्यापूर्वी मिस्त्रीनं जीपच्या स्टिअरिंगचे सगळे सांधे नवे घातले होते. त्याच आठवड्यात मोजणीदार धरणाच्या बांधावरून जीपसकट पाण्यात गेला. जीप गाळानं माखून वर आली. तोही वर आला, पण नुसता देह.

बांधावरचा रस्ता आखल्यासारखा सरळ. ब्रेक दाबल्याची खूण नाही. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? "घरातच काहीतरी असणार," म्हणाले. तेव्हापासून त्याची बायको, मिस्त्रीच्या वहिनी, धड जेवत नव्हत्या, रडतही नव्हत्या. भिंतीकडे बघून विचारायच्या, "माझं काय चुकलं?"

आज त्यांनीच मिस्त्रीला अंगणात बोलावून घेतलं होतं. "खरं काय ते सांगा. स्टिअरिंग सैल होतं, की ते आपण होऊन गेले?"

सैल निघालं, तर मित्राला आपण मारलं. घट्ट निघालं, तर तो आपल्या पायांनी गेला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे वहिनी उभ्या.

मिस्त्रीनं जॅकवर चाकं उचलून वरखाली हलवून बघितली. कुठं खडखड नाही. चाकं पुन्हा जमिनीला टेकवली. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट गच्च. उजवीकडचा सांधा गच्च.

"सगळं बघितलंत, काका?" वहिनींच्या मुलीनं वरून विचारलं. "डावीकडे जरा सैल लागतंय हाताला."

तो पाठीवर सरकत डाव्या चाकामागे गेला. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या टोकावर त्यानं हात ठेवला. मुलगी स्टिअरिंग हलवत होती. तळहाताखाली टक् झालं. पुन्हा टक्.

मिस्त्रीनं हात मागे घेतला. म्हणजे मीच.

त्यानं बॅटरीचा झोत टाकला. नट अर्धा फेरा मागे आला होता. पिन मात्र जागच्या जागी होती.

तो बघतच राहिला. या नटाच्या डोक्याला खाचा असतात. खाचेतून आरपार पिन घालून तिची टोकं दुमडली, की नट हलायचं नाव घेत नाही. पिन असताना तो आपोआप सैल होणं म्हणजे कुलूप तसंच ठेवून दार उघडणं. शिवाय सगळा दांडा वाळल्या गाळानं लिंपलेला, आणि तेवढ्या नटावरचा गाळ उडालेला. शेजारी हातोडीचा वण, ताजा, चकचकीत.

जीप पाण्यातून वर आल्यावर कुणीतरी हा नट सोडला होता. आणि सवयीनं पिन परत घातली होती.

ती सवय कुणाची, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. "पिन घातल्याशिवाय उठायचं नाही, मग घराला आग लागो," हा मोजणीदाराचा मंत्र. सुट्टीच्या दिवशी तो जीपखाली, बायको पाने द्यायला शेजारी उकिडवी, लेक वर सीटवर पाय हलवत बसलेली. मंत्र बायकोकडून तो वदवून घ्यायचा, आणि ती म्हणायची, "हो महाराज, नाही उठत!"

म्हणजे आपला हात स्वच्छ. क्षणभर मिस्त्रीला हलकं वाटलं. मग मित्र आठवला. त्या सरळ रस्त्यावर त्यानं स्वतः स्टिअरिंग वळवलं होतं. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा चाकापलीकडे वहिनींच्या चपला दिसल्या, जागच्या न हललेल्या. बुडत्याला काडीचा आधार. बिचारीनं काडीसुद्धा स्वतःच आणून ठेवली होती.

त्यानं पक्कडीनं पिनेची टोकं सरळ केली, पिन ओढून काढली आणि खिशात टाकली. मग बाहेर आला.

"सैल होतं, वहिनी," तो म्हणाला. "पिन घालायची राहिली. माझ्याकडून."

त्याला वाटलं, त्या नजर खाली घालतील. उमजल्यासारखी नुसती मान हलवतील.

वहिनींनी त्याची कॉलर धरली. "एका पिनेपायी? मेल्या, एका पिनेपायी? शेजारी बसवून जेवायला घालायचे रे तुला!" त्यांच्या मुठी त्याच्या छातीवर पडत राहिल्या, आणि पडता पडता सैल झाल्या. महिनाभर अडलेलं रडू फुटलं. "टाकून गेले नव्हते गं," त्या मुलीकडे बघून म्हणाल्या. "आपल्याला टाकून गेले नव्हते."

हे नाटक नव्हतं. मिस्त्री चक्रावला.

"पुन्हा या दारात पाऊल टाकू नका," म्हणून वहिनी वळल्या. पायरीवर थांबून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आत ये, पोरी. काहीतरी खाऊन घेऊ दोघी."

मुलगी खाली उतरली. आई आत जाईपर्यंत ती दाराकडे बघत राहिली. मग तिनं मिस्त्रीपुढे हात पुसायला फडकं धरलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "पिन परत घालायला नको होती, ना?"