जाहिराती नसलेली मालिका

मालिका लिहिणारे संपावर गेले, तेव्हा नायिका गच्चीच्या कठड्यावर उभी होती. तिला तिथेच सोडून ते घरी बसले.

म्हातारा वैतागला. जन्मभर लोकांचे वीजमीटर वाचत जिने चढला, आता पाय साथ देत नव्हते. दिवसभरात वाट बघावी असं तेवढंच उरलं होतं. सून चॅनल बदलत राहिली. सगळीकडे जुनेच भाग. मागच्या वर्षी मेलेला सासरा परत उठून जेवायला बसला होता.

"याच्यासाठी आपण रडून झालोय, बाबा," ती म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

पण त्या वेळेचं करायचं काय? जेवण उरकलेलं, झोप आलेली नाही. दोघं सवयीने आपापल्या खुर्चीत येऊन बसायची आणि काळ्या पडद्यात स्वतःचीच तोंडं बघायची.

मुलाला काही फरक पडला नाही. त्या रडारडीने डोकं उठतं म्हणून मालिकेच्या वेळी तो आधीपासूनच बाजूच्या स्वयंपाकघरात असायचा. भांडी आवरायचा, बापाचं दूध गरम करायचा, डॉक्टरांनी सांगितलेली पावडर ढवळायचा. शेजारणी सुनेला म्हणायच्या, नशीब काढलंस. घर विकायचं की नाही यावरून बापलेकात जुंपायची, तेही आता बंद झालं होतं. म्हाताऱ्याची तब्येत ढासळल्यापासून मुलाने तो विषयच सोडला.

एका संध्याकाळी सुनेने खुर्ची खिडकीकडे वळवली. रस्त्यापलीकडच्या इमारतीत, बरोबर समोर, एक चष्मेवाली बाई खिडकीत उभी होती. तिचीही मालिका बंद असणार.

"बाबा, इकडे या. इथे जाहिराती नाहीत."

म्हाताऱ्याने खुर्ची सरकवली. खोलीतला दिवा घालवायचं दोघांच्याही मनात आलं नाही. टीव्ही बघताना कोण घालवतं?

सुरुवातीला काहीच घडेना. चष्मेवाली नुसती उभी राहायची. कधी यांच्या खिडकीकडे बघायची, जास्त करून बाजूला कुठेतरी. सून म्हणाली, पहिले भाग असेच रटाळ असतात.

मग एकदा तिने आत कोणाला तरी बोलावलं. टक्कल पडलेला नवरा आला. तिने ग्लास घेतला, त्यात कागदाची पुडी उलटी केली, चमच्याने ढवळलं आणि त्याच्यापुढे धरलं. नवऱ्याने मान हलवली. ग्लास बाजूला सारला.

म्हातारा पुढे झुकला. "पुडी टाकली तिने. बघितलंस?"

"साखर असेल."

"साखर कोणी पुडीतून घालतं का, पोरी?"

तिथून चटक लागली. सुनेने त्याचं नाव टकल्या ठेवलं. सकाळपासून दोघांचे अंदाज सुरू व्हायचे. म्हातारा म्हणे पैशाची भानगड, सून म्हणे दुसरी बाई. या टकल्याला दुसरी कोण मिळणार, यावर दोघं पोट धरून हसली. म्हाताऱ्याला जेवण जात नव्हतं, पायांना मुंग्या यायच्या, उशीवर केसांचे पुंजके पडायचे. पण संध्याकाळ झाली की डोळे चमकायचे.

टकल्याही आता खिडकीत थांबू लागला. बायको त्याच्या कानाशी लागून सारखं काहीतरी सांगायची. म्हातारा हसायचा बंद झाला.

"तो माणूस मरेल, पोरी. आणि आपण इथे दूध पीत बघत बसणार."

दुसऱ्या संध्याकाळी चष्मेवाली एकटीच होती. तळहात काचेवर टेकून उभी. टकल्या कुठे दिसेना. तेवढ्यात यांच्या दाराची बेल वाजली. मुलगा गेला. दार अर्धवट उघडून दबक्या आवाजात काहीतरी बोलला आणि लावून घेतलं. सुनेने विचारलं, कोण होतं? पत्ता चुकलेला माणूस, तो म्हणाला.

म्हाताऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "संपलं. मारलं तिने त्याला. मला पोलिसांना फोन लावून द्या. माझी बोटं चालत नाहीत."

मुलाने त्याच्या हातातून फोन हळूच काढून घेतला. पहिल्यांदाच त्यांच्यासोबत बसला. कोणी काय बघितलं, कधीपासून बघितलं, सगळं विचारून घेतलं. मग बराच वेळ समोरच्या खिडकीकडे बघत राहिला.

"उगाच बोभाटा नको, बाबा. मी जाऊन बघतो."

आला तो हसतच. नवराबायको मालिकांमध्ये बारीकसारीक कामं करतात म्हणाला. संपामुळे घरी बसलेत, तालीम करतात. टकल्या सामान आणायला गेला होता. तुम्ही रोज बघता म्हटल्यावर दोघं खूश झाली.

सुनेचं तोंड उतरलं. म्हणजे हीपण मालिकाच निघाली. म्हाताऱ्याच्या मात्र जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी खरंच टकल्या खिडकीत हजर. धडधाकट. आज तर दोघांनी कमाल केली. चष्मेवालीने रिकामा ग्लास तोंडाशी नेला, दोन्ही हात हलवून नको नको केलं, गळा धरून मान टाकली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. टकल्याने आधी हात जोडले, मग बोट रोखलं. यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. मग म्हाताऱ्याच्या खुर्चीच्या मागे.

"काय जीव ओतून करतात," म्हातारा म्हणाला. "यांना मोठी कामं मिळायला हवीत."

खुर्चीच्या मागे मुलगा ग्लास घेऊन उभा होता.

"गरम आहे तोवर घ्या, बाबा."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी ग्लास धरला, समोरच्यांना दिसेल असा कौतुकाने उंच केला आणि तळापर्यंत प्यायला. चष्मेवालीने तोंड झाकून घेतलं.

सुनेने टाळ्या वाजवल्या.