तिच्या बाजूने बोलणारा

“भंगार आहे ते,” तरणा अधिकारी म्हणाला, आणि वैद्यबुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वैद्यबुवा काही खरे वैद्य नव्हेत. आरमाराच्या कचेरीत तळमजल्याला बसायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि जहाजांच्या यंत्रांचे आवाज ऐकायचे, हे त्यांचं काम. कुठलं बेअरिंग झिजलंय, कुठल्या पंख्याचं पातं वाकलंय, हे नुसत्या आवाजावरून सांगायचे. म्हणून सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत.

गेली सव्वीस वर्षं त्यांच्याकडे एकच जहाज होतं. क्षेपणास्त्रं डागणारी ती मोठी क्रूझर. तिच्यावर पाऊल मात्र त्यांनी कधी ठेवलं नव्हतं. तळमजल्यातल्या माणसाला समुद्रावर कोण नेतंय? पण तिची नाडी त्यांना पाठ होती. कधी तिच्या स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाजही टेपवर यायचा, तेव्हा ते एकटेच हसायचे.

बायको घरी चिडवायची. “सवत मिळाली तीही लोखंडाची. निदान माझ्या ओट्यापाशी तरी येणार नाही.”

वैद्यबुवा म्हणायचे, “तुझ्यापेक्षा कमी बोलते.” मग दिवसभर त्यांना गार चहा मिळायचा.

आज त्या जहाजाचा निकाल होता. लढाई दाराशी येऊन ठेपली होती. तिला लढाऊ जहाजांत जमेस धरायचं की बाद करायचं, हे विभागाच्या प्रमुख बाई याच बैठकीत ठरवणार होत्या. एकदा बाद झाली की तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नव्हतं. सव्वीस वर्षांची मेहनत पाण्यात.

“बत्तीस वर्षांची म्हातारी,” तरणा पुढे म्हणाला. “चार वर्षं गोदीत लोळत पडली होती. आता नुसती शोभेला तरंगतेय.”

“तुमचं वय काय हो?” वैद्यबुवांनी विचारलं.

“एकोणतीस.”

“म्हणजे तुम्ही रांगायला लागायच्या आधी ती तुफानात गेली होती. दोनशे चौदा कोळी बाहेर काढले तिने. लाटा डेकवरून जात होत्या, तरी एक खलाशी गमावला नाही. सोळा लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं, दोन्ही कुशींना आठ-आठ. विमानांसाठी चौसष्ट वेगळी. आणि त्या सामुद्रधुनीत तीन आठवडे एकटी उभी राहिली. एक गोळी झाडली नाही, नुसती उभी राहिली. पाच युद्धनौका तिला बघून मागे फिरल्या.”

टेबलावरचे दोन-तीन जण खाली बघायला लागले.

“वैद्यबुवा, ते राहू द्या,” बाई म्हणाल्या. “आजचं बोला.”

वैद्यबुवांनी टेप लावली. खोलीत घुमघुम भरून राहिली.

“मला तर काहीच कळत नाही,” तरणा म्हणाला.

“कळायला कान तयार लागतो. ही मागच्या मंगळवारची. चार वर्षांपूर्वी डावा पंखा खोकायचा. आता ऐका, खोकला गेला. दोन्ही पंखे एका तालात, वेग एकतीस नॉट. कोरी यंत्रं बसल्याशिवाय हा ताल लागत नाही. आणि नुसतं तरंगायला कुणी कोरी यंत्रं बसवतं का?”

तरण्याने कागद उलटे-सुलटे केले. वेगाच्या रकान्यात त्याने बावीस लिहिलं होतं.

“पण रडार?” त्याने शेवटचा खडा टाकून पाहिला.

“त्याचं जनित्र बदललंय. ही जी बारीक शीळ आहे ना, ती त्याची.” वैद्यबुवांनी डोळे मिटून बोटाने ठेका धरला. “बाई, लोक मला हसतात, हसू द्या. पण मला तिचा अभिमान वाटतो. ती म्हातारी नाही झाली. उलट कात टाकून आलीय.”

“मानलं तुम्हाला,” तरणा हळूच म्हणाला, आणि त्याने आपला ‘बाद’चा शेरा खोडला.

बाई बराच वेळ टेप ऐकत राहिल्या.

“शब्द देता?” त्यांनी विचारलं.

“दिला. तिच्या तोडीचं जहाज या पाण्यात दुसरं नाही.”

वैद्यबुवा ताठ बसले होते. आज घरी जाऊन बायकोला सगळं रंगवून सांगायचं, असं त्यांच्या मनात चाललं होतं. बाईंनी फोन उचलला.

“आपल्या पाणबुडीला कळवा,” त्या म्हणाल्या. “शत्रूची बाकीची जहाजं नंतर. आधी ही बुडवायची.”