पुलावरची चेटकीण

ब्रॉडवेवरच्या आमच्या संगीत नाटकात जेराल्डिन चेटकीण व्हायची आणि मी तिची बदली नटी. चौदा वर्षं मी मेकअप रूममध्ये तिची गाणी घोकत बसले, पण बयेला कधी साधी शिंक आली नाही.

पुढे नाटकाचा सिनेमा झाला. त्यात चेटकीण कुणी तरुण पोरगी. जेराल्डिनला मान म्हणून पुलावरून एकदा चालत जायचं, बस. नेमकी शूटिंगच्याच दिवशी ती तापाने आडवी झाली आणि फोन मला आला. त्या वीस पावलांत मी चौदा वर्षं चालून घेतली.

दिग्दर्शक म्हणाला, "झकास! चेहरा नंतर कॉम्प्युटरवर जेराल्डिनचा बसवू." कुणाला सांगायचं नाही, अशा कागदावर सहीसुद्धा घेतली.

पहिल्याच खेळाला माझी बहीण ओडेट मला ओढून घेऊन गेली. पूल आला, टाळ्या पडल्या. ओडेटने डोळे पुसत मला कोपर मारलं.



"बघ, नुसती चालली तरी रडवलं बाईनं! इतकी वर्षं तिच्यामागे बसलीस, एवढं तरी शिकायचंस."